हवेचा रिपोर्ट ठीक, मग हातांना काय झालं?

प्रश्न

मॅडम, मी पुण्याजवळच्या एका एमआयडीसीतल्या प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे वस्तूंवर धातूचा मुलामा चढवतात तिथे, केमिस्ट आहे. गेल्या वर्षापासून एक शिफ्टही माझ्याकडेच आहे. निकेल आणि क्रोम अशा दोन्ही लाइन चालतात. माणसं ३४, त्यातली निम्मी ठेकेदाराची. दर सहा महिन्यांनी बाहेरची लॅब येऊन हवेचे नमुने घेते. या वेळी क्रोमिक आम्लाचा आकडा घनमीटरला ०.०१८ मिलिग्रॅम आला. मर्यादा ०.०५ आहे. रिपोर्ट ऑफिसच्या भिंतीवर लावला आहे.

पण माणसांचे हात वेगळंच सांगतात. दोघांच्या बोटांच्या सांध्यांवर बारीक गोल खड्डे पडलेत; दुखत नाहीत म्हणून ते दाखवतही नाहीत. निकेल लाइनवरच्या एका मुलाला मनगटावर आणि बेंबीखाली खाजरे चट्टे आहेत. एकाच्या नाकातून अधूनमधून रक्त येतं. पाचवे आमचे सगळ्यात जुने काका, क्रोमवर ११ वर्षं. दोन्ही हात लाल, सुजलेले, भेगाळलेले. शेठ म्हणाले, कामामुळे असेल तर सुट्टीत बरं वाटेल. काका १५ दिवस गावी गेले. तिथे त्यांच्या घराचं बांधकाम चाललंय. परत आले ते जास्तच बिघडलेले हात घेऊन. शेठ म्हणतात, बघा, आपल्या कामाचा संबंधच नाही. ठेकेदार दुसरा माणूस आणेल या भीतीने काका आता बाह्या खाली ओढून काम करतात.

शेठ वाईट नाहीत. ग्लोव्हजची पेटी मागितली की येते. पण रिपोर्ट क्लिअर आहे, ग्लोव्हज दिलेत, म्हणजे माणसंच निष्काळजी, असं त्यांचं मत. खरं कोण बोलतंय, रिपोर्ट की हात? आणि कुणाची नोकरी न जाता मी काय करू शकतो?

उत्तर

आधी नाकातून रक्त येणाऱ्या माणसाचं बोलू, बाकीचं मागाहून. त्याला याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा. "उन्हाळा आहे, घोळणा फुटतोच" असं म्हणून थांबू नका. क्रोमिक आम्लाचे बारीक तुषार नाकाच्या मधल्या पडद्यावर बसतात. तिथलं आवरण पातळ असतं. आधी कोरडेपणा येतो, मग खपली धरते, खपली निघाली की रक्त येतं, आणि हे चालूच राहिलं तर पडद्याला आरपार भोक पडतं. भोक पडल्यावर त्रास बहुतेक थांबतो, म्हणून माणसाला वाटतं आपण बरे झालो. डॉक्टरांसमोर बसल्यावर त्याने पहिलं वाक्य "मी क्रोमच्या टाकीवर काम करतो" हेच सांगायला हवं. आपल्याकडे डॉक्टर कामाबद्दल विचारतीलच याची खात्री नसते. आणि क्रोमिक आम्लातलं क्रोमियम, ज्याला षट्संयुजी क्रोमियम म्हणतात, ते फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरतं हे जगभरात मान्य झालेलं आहे. हे त्याला घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण त्याची तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न. रिपोर्ट खोटा असेलच असं नाही, आणि हात तर खोटं बोलतच नाहीत. दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारले गेलेत, एवढंच. लॅबचा माणूस येतो, कामगाराच्या कमरेला पंप बांधतो, कॉलरला फिल्टर अडकवतो. त्या फिल्टरवर जमतं ते नाकातोंडासमोरच्या हवेतलं. वस्तू टांगलेला रॅक उचलताना मनगटावरून ओघळून ग्लोव्हजच्या आत गेलेला थेंब त्या फिल्टरला कधीच दिसत नाही. कातडीला काय लागलं हे हवेच्या रिपोर्टात येऊच शकत नाही.

तुम्ही केमिस्ट आहात, तर एक हिशेब तुमच्याच वहीत करून पाहा. नेहमीच्या क्रोम बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात, लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असतं. एक थेंब म्हणजे ०.०५ मिलिलिटर धरा. त्यात साडेबारा मिलिग्रॅम क्रोमिक आम्ल, म्हणजे निव्वळ क्रोमियम साडेसहा मिलिग्रॅम. दुसऱ्या बाजूला, आठ तासांच्या पाळीत माणूस सुमारे १० घनमीटर हवा आत घेतो असं धरतात. हवा अगदी ०.०५ च्या मर्यादेवर असली तरी दिवसभरात श्वासातून आत जाईल ते अर्धा मिलिग्रॅम. मनगटावरच्या एका थेंबात दिवसभराच्या श्वासाच्या तेरा पट क्रोमियम आहे! तो सगळा रक्तात जातो असं अजिबात नाही. पण कातडी जाळायला आणि तिची ॲलर्जी जागी करायला रक्तात जावंच लागत नाही. हा हिशेब शेठना कागदावर मांडून दाखवा. कारखाना चालवणारा माणूस आकडा समोर ठेवला की ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

तरीही भिंतीवरचा तो रिपोर्ट उतरवून एकदा नीट वाचा. नमुना माणसाच्या कॉलरवर घेतला होता, की शॉपच्या मधोमध स्टँडवर? त्या वेळी रेक्टिफायर, म्हणजे टाकीला वीज देणारं यंत्र, पूर्ण लोडवर होतं का? किती रॅक चालू होते? दोन्ही शटर उघडी होती का? क्रोमच्या बाथमध्ये दिलेल्या विजेतला जेमतेम १० ते २० टक्के भाग क्रोम बसवतो. उरलेली वीज मुख्यतः हायड्रोजनचे बुडबुडे करते, आणि ते बुडबुडे फुटताना आम्लाचे तुषार वर उडतात. म्हणजे लोड कमी तर तुषार कमी, आणि आकडाही देखणा. पुढच्या वेळी लॅब येईल तेव्हा सगळ्यात जास्त लोडच्या दिवशी, टाकीवरच्याच माणसाच्या कॉलरला, पूर्ण पाळीभर पंप लावायला सांगा, आणि त्या दिवशीचं उत्पादन रिपोर्टातच लिहून घ्या. शिवाय ०.०५ हा आकडा आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातून आलेला आहे. अमेरिकेने २००६ मध्ये षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा ०.००५ वर आणली, म्हणजे आपल्या दहाव्या हिश्श्यावर. तुमचा ०.०१८ आपल्याकडे पास आहे, तिकडे साडेतीन पट जास्त ठरला असता. नाकातून रक्त येणारा माणूस शॉपमध्ये असताना मी तरी त्या आकड्यावर निर्धास्त राहिले नसते. आणि नाकापर्यंत क्रोम फक्त हवेतून जातो असंही नाही. खाजलं की बोट नाकात जातं, आणि बोटाला टाकीतलं आम्ल असतं.

म्हणून आता हात बघायचे. कसे बघायचे यावरच सगळं अवलंबून आहे. "कुणाला त्रास आहे, त्याने पुढे या" असं विचारलंत तर कुणी येणार नाही, काका तर नाहीच. नोकरीच्या सुरुवातीला मी एका कारखान्यात अशीच यादी करायला बसले होते. दोन नावं आली, आणि त्यातला एक माणूस आठवड्यात कामावरून गेला. त्यानंतर त्या शॉपमध्ये मला हात दाखवायला कुणी तयार होईना. ती चूक माझी होती. तुम्ही असं करा: आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी, चहाच्या आधी, सगळ्यांचे हात बघायचे. पहिले तुमचे स्वतःचे, मग सुपरवायझरचे, शक्य झालं तर शेठचेही. पुढे-मागे, बोटांच्या बेचक्यात, नखांच्या मुळाशी, कोपरापर्यंत. त्रास असो नसो, सगळ्यांचे. म्हणजे बाह्या ओढायचं कारणच उरणार नाही.

प्रत्येकासाठी एका कागदावर दोन्ही हातांची नुसती आकृती काढून ठेवा आणि लाल पेनने ठिपके मारा. नाव लिहू नका. लाइन आणि काम लिहा: रॅक भरणारा, टाकीवरचा, रिन्सवरचा (धुण्याच्या टाकीवरचा), ईटीपीवरचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवरचा). चार आठवड्यांनी ते कागद एकमेकांशेजारी ठेवा. टाकीवरच्या सगळ्यांचे ठिपके उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला जमले असतील, तर थेंब कफमधून आत उतरतोय. फक्त बोटांच्या टोकांना असतील तर ग्लोव्हज फाटके आहेत किंवा काढताना हात बरबटतायत. पायाच्या घोट्यावर असतील तर बूट-पँटमधली फट आणि ओली फरशी बघा. निष्काळजी माणसाचे ठिपके कुठेही पडतात. सगळ्यांचे एकाच जागी पडले तर दोष त्या कामाच्या पद्धतीत आहे. हा कागद शेठच्या टेबलावर माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त बोलेल.

तुम्ही लिहिलेल्या माणसांचे त्रास एकसारखे नाहीत, आणि हे वेगळेपण ओळखणं फार महत्त्वाचं आहे. सांध्यांवरचे खड्डे म्हणजे क्रोमचे व्रण. ग्लासगोच्या रंगाऱ्यांच्या हातांवर डॉक्टरांनी ते १८२७ मध्येच पाहून लिहून ठेवले होते, इतके ते जुने आहेत. आधी कुठेतरी खरचटलेलं असतं, तिथे आम्ल शिरतं आणि पंचाने काढल्यासारखा गोल खड्डा पडतो, काठ कडक, उचललेले. दुखत नाही, हेच त्याचं वाईट. ही ॲलर्जी नव्हे, आम्लाने खाल्लेलं मांस आहे. संपर्क थांबला तर भरतं, पण आठवडे लागतात आणि वण राहतो. त्या दोघांनी जखम झाकल्याशिवाय टाकीजवळ जायचंच नाही. आणि यापुढे कुणाच्याही हाताला ओरखडा असला तर पाळी सुरू होण्याआधी वॉटरप्रूफ पट्टी लागलीच पाहिजे. पट्ट्यांचा डबा टाकीजवळ, कुलपाशिवाय.

निकेल लाइनवरच्या मुलाची गोष्ट वेगळी. मनगटाचं समजलं, पण बेंबीखाली का? तिथे पट्ट्याचं बक्कल किंवा जीन्सचं बटण टेकतं. घामाने त्यातलं निकेल सुटतं. त्याला निकेलची ॲलर्जी झालेली असण्याची शक्यता दाट आहे. ॲलर्जीचा स्वभाव असा, की एकदा शरीराने ओळख धरली की बहुधा जन्मभर विसरत नाही, आणि मग पूर्वी चालत होतं तेवढं किंवा त्याहून कितीतरी कमीही पुरतं. त्याला लाइन बदलून द्यावी लागेल, आणि लवकर दिलीत तर तो वाचेल.

आणि काका. तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य मी तीनदा वाचलं: गावी घराचं बांधकाम चाललंय. काका १५ दिवस नुसते ओसरीवर बसले नसणार. आपलं घर बांधलं जात असताना कुणी बसत नाही. घमेली उचलली असतील, माल कालवला असेल, वीट पाण्यात भिजवली असेल. सिमेंटमध्ये तेच षट्संयुजी क्रोमियम अल्प प्रमाणात असतं, आणि कालवलेलं ओलं सिमेंट स्वतःही तीव्र अल्कली असतं. गवंड्यांच्या हातांना होणाऱ्या जुनाट इसबाचं ते जगभरातलं ओळखीचं कारण आहे. युरोपात २००५ पासून सिमेंटमधलं विरघळणारं षट्संयुजी क्रोमियम दहा लाखांत दोन भागांपुरतं मर्यादित केलं, ते यासाठीच. म्हणजे काकांचे हात गावी बिघडले यातून कारखान्याचा संबंध तुटत नाही. उलट काकांना क्रोमची ॲलर्जी आहे या संशयाला त्याने बळच मिळतं. टाकीवर जे होतं तेच गावी पाटीतून पुन्हा हाताला लागलं.

संशय पक्का करायचा असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर छोट्या छोट्या टिकल्यांत वेगवेगळी द्रव्यं लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा. क्रोम, निकेल, रबरात घालतात ती रसायनं, सगळं एकदम कळतं. रबराचं मुद्दाम सांगते, कारण कधीकधी ग्लोव्हजचीच ॲलर्जी असते आणि माणूस हात वाचवण्यासाठी तेच घट्ट घालत राहतो. पाठीवर घाम नको, आंघोळीला पाणी लावायचं नाही, म्हणून ही तपासणी भर उन्हाळ्यात अवघड जाते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचा विभागांत विचारा.

आता तुमच्या हातात असलेली एक गोष्ट सांगते, जी बाहेरच्या कुठल्याही लॅबला सुचणार नाही. ईटीपीच्या पाण्यात क्रोम उरलाय का हे बघायला तुमच्याकडे डायफेनिल कार्बाझाइड असणारच. तेच वापरा. फिल्टर पेपर डिस्टिल्ड पाण्याने ओला करा आणि त्याने वस्तू पुसा: ग्लोव्हजची आतली बाजू, रेक्टिफायरचं बटण, होइस्टचा रिमोट, संडासाची कडी, पाण्याच्या पिंपाचा नळ, चहाच्या थर्मासचं झाकण, कुणाच्या तरी मोबाइलची पाठ. कागद प्रयोगशाळेत नेऊन सौम्य आम्ल आणि तुमचा अभिकर्मक घाला. जांभळा रंग आला की तिथे षट्संयुजी क्रोमियम आहे. एक कोरा कागदही सोबत तपासा. अभिकर्मक थेट कुणाच्या कातडीवर घालायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. निकेलसाठी डायमिथाइल ग्लायॉक्झाइम आणि अमोनिया, गुलाबी-लाल रंग येतो. एक लक्षात ठेवा: घाम आणि मळ षट्संयुजी क्रोमियमचं रूप बदलून टाकतात, त्यामुळे रंग आला नाही म्हणजे जागा स्वच्छ आहे असं समजू नका. पण रंग आला तर वाद संपला. एका शॉपमध्ये थर्मासचं झाकण जांभळं झालेलं मी पाहिलं आहे. त्या दुपारपासून चहा टाक्यांपासून लांब, हात धुऊनच प्यायला जाऊ लागला. कुणालाही ओरडावं लागलं नाही.

ग्लोव्हजबद्दल शेठशी भांडू नका, पण पेटीत काय येतं ते बघा. होजिअरीचे सुती ग्लोव्हज असतील तर आजच बंद करा: ते आम्ल शोषून दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात बरा, निदान माणूस धुतो तरी. साधं रबर क्रोमिक आम्लापुढे फार टिकत नाही, ते आम्ल रबराला खातं. त्यापेक्षा लांब बाह्यांचे पीव्हीसीचे ग्लोव्हज बरे. विकणाऱ्याकडे क्रोमिक आम्लासाठीचा तक्ता मागा, कुठलं मटेरियल किती वेळ टिकतं ते त्यात असतं. कफ बाहेरच्या बाजूला दुमडून ठेवायचा, म्हणजे हात वर गेला की ओघळ दुमडीत अडकतो. रोज पाळीच्या सुरुवातीला ग्लोव्हज हवेने फुगवून गालाशी धरायचे. भोक असेल तर हवा लागते. आत पातळ सुती अस्तर चालेल, पण ते रोज बदललं पाहिजे. आणि काढताना आधी ग्लोव्हजसकट हात धुवायचे, मग उलटे करून काढायचे. ग्लोव्हजच्या आत एकदा थेंब गेला की तो ग्लोव्हज संरक्षण करत नाही, आम्ल हाताला बांधून ठेवतो.

तरीही ग्लोव्हज हा शेवटचा उपाय. थेंब हातापर्यंत येऊच नये हा पहिला. रॅक टाकीतून काढल्यावर टाकीवरच किती सेकंद थांबतो ते घड्याळ लावून मोजा. घाईत चार-पाच सेकंदांत पुढे जात असेल तर टाकीवर आडवी दांडी लावा, रॅक तिच्यावर टेकवून थेंब थांबेपर्यंत ठेवायचा. दोन टाक्यांमधल्या फटीवर टाकीकडे उतार असलेली पीव्हीसीची पाटी बसवा. रॅकला लांब मूठ. टाकीच्या काठावर हवा ओढणारी झडप असेल तर तिचं तोंड साचलेल्या क्रोमने बुजलंय का ते बघा. तुषार दाबणारं द्रव्य किंवा पृष्ठभागावर प्लॅस्टिकचे गोळे, तेही. तुमचं काम नळ-हँडलसारखं शोभेच्या क्रोमचं असेल, तर त्रिसंयुजी क्रोमच्या बाथचा विचार शेठपुढे मांडा. रंगात थोडा फरक पडतो आणि बाथ सांभाळायला जास्त काटेकोर आहे, पण हा धोका मुळातून पुष्कळ कमी होतो. जाड हार्ड क्रोम असेल तर ते इतकं सोपं नाही.

शेठना हे पैशाच्या भाषेत सांगा. फरशीवर पडलेला प्रत्येक थेंब त्यांनी एकदा विकत घेतलाय. मग तो ईटीपीत मारायला मेटाबायसल्फाइट आणि चुना घेतलाय. मग त्याचा झालेला गाळ रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवायला पुन्हा पैसे दिलेत. रॅक टाकीवर थोडा जास्त थांबला तर तीन ठिकाणी वाचतात.

हात धुण्याचं थोडक्यात. टाकीजवळ वाहत्या पाण्याचा नळ हवा, आणि थेंब लागला की लगेच, भरपूर पाण्याने, न चोळता. पिवळे डाग काढायला काही शॉपमध्ये ईटीपीतलं 'मेटा' हाताला लावतात ते मी पाहिलं आहे, ते बंद. थिनर, कपड्यांची पावडर, लाकडाचा भुसा, तेही बंद: या सगळ्यांनी कातडीचं तेल जातं आणि पुढच्या थेंबाला वाट मोकळी होते. साधा सौम्य साबण, आणि पाळी संपल्यावर व्हॅसलीन किंवा घरचं खोबरेल तेल. कामाआधी लावायच्या क्रीमवर ग्लोव्हजइतका भरवसा ठेवू नका. आणि मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणणं सगळ्यांना थांबवायला सांगा. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. चट्टा चार दिवस मावळतो, कातडी पातळ होते आणि तो पुन्हा जोरात येतो. अंगावर आम्लाचा मोठा शिडकावा झाला तर कपडे उतरवून पाण्याखाली उभं करा आणि तसंच रुग्णालयात न्या, कारण कातडीतून गेलेलं क्रोमिक आम्ल मूत्रपिंड बंद पाडू शकतं.

लघवीतलं क्रोमियमही तपासून घेता येतं. श्वास, तोंड, कातडी अशा सगळ्या वाटांनी आत गेलेलं त्यात दिसतं, म्हणून हवेच्या रिपोर्टाला ही चांगली जोड आहे. नमुना आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर, हात धुऊन, कपडे बदलून, शॉपपासून दूर घ्यायचा; नाहीतर बोटावरचाच क्रोम बाटलीत पडतो.

आता नोकरीची भीती. कायदा इथे काकांच्या बाजूने आहे, हे शेठना आणि ठेकेदाराला माहीत असलेलं बरं. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवायलाच हवेत अशा आजारांची यादी होती. क्रोमचे व्रण आणि रसायनांच्या थेट संपर्काने होणारा त्वचादाह, दोन्ही तिच्यात नावानिशी होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या, व्यावसायिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेतही ते आहेत. कळवण्याची जबाबदारी कारखान्याची आहे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचीही. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात क्रोमियममुळे होणारे आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदलेले होते; आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहेत. ठेकेदाराची माणसंही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, येतात, आणि त्यांची वर्गणी ठेकेदाराने भरली नाही तर ती मूळ मालकावर येते. तुम्ही एकट्याने तक्रार घेऊन जावं असं मी म्हणत नाही. आधी हातांचे कागद, जांभळे कागद आणि थेंबाचा हिशेब घेऊन शेठसमोर बसा. तुमच्या पत्रावरून ते ऐकणारे वाटतात. नाहीच ऐकलं तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात सरकारी वैद्यकीय अधिकारी असतात, कामगारांची तपासणी हे त्यांचं कामच आहे. हवेची मोजणी पुन्हा करून घ्यायची तर मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे.

काकांशी मात्र तुम्ही स्वतः बोला, ऑफिसात बोलावून नको, गेटबाहेर. पॅच टेस्ट क्रोमची आली तर टाकीवर परत जाणं त्यांना जमणार नाही, हे स्पष्ट सांगा. पण ११ वर्षांचा माणूस रॅक बघून सांगतो कुठे कॉन्टॅक्ट सैल आहे. तपासणी आणि पॅकिंगच्या टेबलावर तुम्हाला त्यांची गरज आहे. नीट धुतलेल्या, वाळलेल्या क्रोमच्या तुकड्याने हा त्रास सहसा होत नाही, कारण तो धातू झालेला असतो. त्यांच्या सेफ्टी शूजचं चामडंही बघा. बुटांचं बहुतेक चामडं क्रोमने कमावलेलं असतं. पायांना चट्टे असतील तर चामडं नसलेले बूट द्या. घरी घालायला सालीत कमावलेली अस्सल कोल्हापुरी त्यांना चालेल.

आणि गावचं घर. गिलावा बाकी असेल तर त्यांनी मालाला हात लावायचा नाही, पाणी मारायचं असेल तर लांबून पाइपने. हे त्यांच्या बायकोला किंवा मुलालाही फोनवर सांगा, कारण काका स्वतः थांबणार नाहीत.